मेलबर्नला सेलिब्रंट, पुण्यात सप्तपदी: यातलं खरं लग्न कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा पुण्याचा, बरीच वर्षं मेलबर्नमध्ये, पीआर (म्हणजे कायमचा रहिवासी) आहे. मुलगी मेलबर्नचीच, ख्रिश्चन घरातली पण चर्चला वगैरे न जाणारी. फेब्रुवारीत मेलबर्नबाहेर डोंगरातल्या एका बागेत सेलिब्रंटकडून (म्हणजे लग्न लावायचा कायदेशीर अधिकार असलेल्या माणसाकडून) लग्न करायचं ठरलंय. मुलाच्या आईबाबांना सप्तपदी हवीच आहे, म्हणून आधी डिसेंबरात पुण्यात कार्यालय घेऊन विधिवत लग्न उरकून घ्या म्हणतायत. तर हे चालेल का, कागद काय लागतात, आणि बागेत गुरुजी आणि सेलिब्रंट दोघं बसवायचे कसे?

मी मेलबर्नमध्ये गेली अकरा वर्षं सेलिब्रंट म्हणून लग्नं लावते, त्यातली निम्मी तरी आपल्या लोकांची किंवा एक बाजू आपली असलेली. त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच, आणि दरवेळी मी आधी उलटा प्रश्न विचारते, की तुमचं कायद्यातलं लग्न यातलं कुठलं? कारण ते एकच असतं. बाकी समारंभ चार करा, दहा करा, कोणी अडवत नाही. पण कायद्याच्या दृष्टीने तुम्ही एका क्षणी अविवाहित असता आणि पुढच्या क्षणी विवाहित, तो क्षण दोनदा येत नाही. हे आधी ठरवा मग बाकीचं आपोआप जागेवर बसतं, आणि हे न ठरवता हॉल बुक केला की मग घोळ.

आधी सेलिब्रंट म्हणजे काय ते सांगते, कारण पुण्यातल्या नातेवाइकांना हा शब्दच कळत नाही, त्यांना वाटतं अँकर आहे. ऑस्ट्रेलियात पूर्वी लग्न करायचं तर चर्च, नाहीतर रजिस्ट्री ऑफिस, एवढेच दोन रस्ते होते. १९७३ मध्ये त्यावेळचे अॅटर्नी जनरल लायोनेल मर्फी यांनी साध्या नागरिकांना लग्न लावायचे अधिकार द्यायला सुरुवात केली आणि आज इथली बहुतेक लग्नं आमच्यासारखे लोकच लावतात. आम्ही भटजी नाही आणि सरकारी नोकरही नाही, पण कोर्स करून, सरकारकडे नाव नोंदवून, विवाह कायदा १९६१ च्या खाली अधिकार मिळालेले लोक आहोत. अधिकृत सेलिब्रंटची यादी सरकारच्या साइटवर असते, ज्याला पैसे देताय त्याचं नाव त्यात आहे ना हे दोन मिनिटांत बघता येतं, बघाच. (मला राहून राहून गंमत वाटते की बरोबर शंभर वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी भटजीशिवाय सत्यशोधक पद्धतीची लग्नं सुरू केली होती, वधूवरांनी एकमेकांना शब्द द्यायचा आणि मंगलाष्टकंसुद्धा त्यांनी स्वतः रचलेली. म्हणजे आपल्याकडे ही कल्पना काही परदेशी नाहीये.)

आणि लंडनच्या कुठल्यातरी मावसबहिणीनं सांगितलं असेल की सेलिब्रंटने लावलेलं लग्न कायदेशीर नसतंच, तर ती तिच्या जागी बरोबर आहे, इंग्लंडमध्ये स्वतंत्र सेलिब्रंटला तो अधिकार नाही, तिथे रजिस्ट्रारकडचं वेगळं करावं लागतं. इथे तसं नाही. देश बदलला की नियम बदलतो, व्हॉट्सअॅपवरचा सल्ला कुठून आलाय ते बघून घ्या.

आता डिसेंबरातल्या पुण्याबद्दल. दोघंही हिंदू असते तर मी सरळ सांगितलं असतं, की पुण्यात सप्तपदी झाली की तुमचं लग्न झालं, विषय संपला. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये हे स्पष्ट आहे, जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण. नोंदणी हा पुरावा आहे, नोंदणी म्हणजे लग्न नव्हे. आणि भारतात वैध असलेलं लग्न ऑस्ट्रेलिया साधारणपणे मान्य करतं. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, भारतात चार वर्षांपूर्वी धूमधडाक्यात लग्न झालेलं, साडेतीनशे पानं उठलेली, पण नोंदणी राहून गेलेली, आणि त्यांना वाटत होतं की सर्टिफिकेट नाही म्हणजे कायद्याने आपण अविवाहितच, तर इथे पटकन लावून द्या, व्हिसासाठी कागद हवाय. मी नाही म्हटलं. ते चिडले, दुसऱ्या कोणाकडे जातो म्हणाले. पण आधीच एकमेकांशी विवाहित असलेल्या जोडप्याचं मी परत कायदेशीर लग्न लावू शकत नाही, विवाह कायद्याच्या कलम ११३ मध्येच ते आहे. शेवटी त्यांनी गावाकडून उशिरा नोंदणी करून घेतली, महाराष्ट्रात ती होते, दंड भरावा लागतो थोडा, आणि काम झालं.

तुमचं मात्र वेगळं आहे. मुलगी ख्रिश्चन, आणि हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागतो (बौद्ध, जैन, शीख त्यात धरलेत). त्यामुळे पुण्यातल्या कार्यालयात होम, सप्तपदी, सगळं केलंत तरी नुसत्या त्या विधीने तुमचं लग्न त्या कायद्याखाली वैध होत नाही. पुण्यात कायदेशीर करायचंच असेल तर विशेष विवाह कायदा १९५४, म्हणजे आपण ज्याला रजिस्टर लग्न म्हणतो ते. त्यासाठी दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला पाहिजे, मग नोटीस द्यायची, ती ऑफिसात बोर्डावर लागते, हरकतीसाठी ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार. तीन आठवड्यांच्या सुट्टीत येणाऱ्या माणसाला हे जमत नाही, साधं गणित आहे.

म्हणजे मग डिसेंबरात विधी केला तरी कायद्याने काही बिघडत नाही असं वाटेल. इथेच लोक फसतात. कार्यालयातले गुरुजी आणि हौशी मामा नोंदणीचा फॉर्म घेऊन येतात, गुरुजींची सही, तीन साक्षीदारांच्या सह्या, आणि म्हणतात असू दे, करून ठेवा. त्या फॉर्मवर सही करू नका. कारण फेब्रुवारीत तुम्ही माझ्यासमोर किंवा ज्या कोणाला घ्याल त्याच्यासमोर लिहून देणार आहात की आमचं आधी लग्न झालेलं नाही आणि लग्नाला कायद्याची काही अडचण नाही, आणि तिकडे महापालिकेत तुमच्याच सहीचा कागद उलटं सांगत असेल. खोटं लिहून देणं इथे गुन्हा आहे, गंमत नाही. आणि फॉर्म न भरता विधी केलात तरी सेलिब्रंटला आधीच सांगा की असा असा समारंभ झालाय, फोटो इन्स्टावर त्याला दिसण्यापूर्वी तुमच्या तोंडून कळू दे.

माझा स्वतःचा सल्ला विचाराल तर डिसेंबरात पुण्यात साखरपुडा करा. दणक्यात करा, कार्यालय घ्या, शे-दोनशे लोक जेवू द्या, पेढ्याचे बॉक्स वाटा. मुलीला साडी नेसवायची हौस होईल, घरचे तिला भेटतील. आणि सप्तपदी फेब्रुवारीत मेलबर्नला, कायदेशीर लग्नाबरोबर एकाच मांडवात. आईबाबांना विमानप्रवास झेपत नसेल तर मग क्रम उलटा लावा, फेब्रुवारीत इथे कायदेशीर लग्न आणि नंतर पुण्यात निवांत विधी, तेव्हा कोणी कसला फॉर्म पुढे केला तर सांगायचं की नोंदणी ऑस्ट्रेलियात झाली आहे.

कागदांचं. सगळ्यात पहिला कागद म्हणजे लग्नाच्या इराद्याची नोटीस, सगळे त्याला नॉइम म्हणतात. ती लग्नाच्या किमान एक महिना आधी सेलिब्रंटच्या हातात पाहिजे, आणि १८ महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, १० जानेवारीला दिली तर १० फेब्रुवारीच्या आधी लग्न नाही, चार आठवडे झाले की झालं, असं चालत नाही. मुदत कमी करून मिळते पण ती देणारी मी नाही, वेगळा अधिकारी असतो आणि त्याची ठरलेली कारणं आहेत, आजारपण, नोकरी किंवा प्रवासाची अडचण, कोर्टाचं काम असली. विसरलो हे त्यात नाही. आता यावर दोघांनी सही करायची तर ती सेलिब्रंटसमोर व्हिडिओ कॉलवरही होते, कोविडमध्ये तात्पुरतं चालू केलेलं ते २०२४ पासून कायमचं झालं. पण लग्न मात्र व्हिडिओवर होत नाही. तुम्ही दोघं, सेलिब्रंट आणि दोन साक्षीदार प्रत्यक्ष तिथे उभे पाहिजेत. पुण्याहून आजी झूमवर आशीर्वाद देऊ शकते, साक्षीदार होऊ शकत नाही.

नोटीसबरोबर जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा आणि ओळखपत्र, पासपोर्ट असेल तर त्यातच दोन्ही भागतं. दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा आदेश किंवा जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला, आणि तो मराठीत किंवा हिंदीत असेल तर अधिकृत भाषांतरकाराकडून इंग्रजी करून. इथला घटस्फोट कोर्टाने दिल्यावर एक महिना आणि एक दिवसाने लागू होतो, तोवर लग्न नाही. वय दोघांचं १८ पूर्ण. नागरिकत्व लागत नाही, पीआरही लागत नाही, टुरिस्टसुद्धा इथे लग्न करू शकतो. मेडिकल नाही, रहिवासाची अट नाही, आणि पुण्यासारखी नोटीस बोर्डावर लागत नाही, ती माझ्या फाइलमध्येच राहते. हे ऐकल्यावर काही जोडप्यांचे चेहरे असे सुटतात ना, विशेषतः ज्यांच्या घरी अजून माहीत नसतं त्यांचे.

नॉइममध्ये आपली माणसं हमखास अडकतात ती एका ओळीवर, आईवडिलांची नावं. आईचं नुसतं आत्ताचं नाव पुरत नाही, जन्माचं नावही लागतं. आता आपल्याकडे आईचं लग्नात आडनाव बदललेलं, मधलं नाव बदललेलं, आणि कैकदा पहिलं नावसुद्धा तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदललेलं. मुलगा तिशीचा आणि त्याला आईचं माहेरचं नाव पूर्ण सांगता येत नाही, मग माझ्या समोर बसून मामाला फोन, मामा म्हणतो शाळेत तर वेगळंच होतं. आत्ताच विचारून ठेवा. ताटात नाव लिहायचा प्रकार बागेतही हौसेने करा हवं तर, पण त्याचा कागदाशी काही संबंध नाही, सह्या होणार त्या आत्ताच्या कायदेशीर नावानेच.

आणखी एक नवीन गोष्ट, जून २०२४ पासून सेलिब्रंटने लग्नाआधी दोघांना वेगवेगळं, प्रत्यक्ष भेटून संमतीची खात्री करायची असते. एकटीशी, एकट्याशी. मी दहा मिनिटं घेते, चहा पितो, विचारते की हे लग्न तुझ्या मर्जीने आहे ना, कोणाचा दबाव नाही ना. एका मावशींना राग आला होता, आम्ही काय मुलीला विकतोय का म्हणून. मावशी, तुम्ही नाही, पण सक्तीचं लग्न इथे २०१३ पासून गुन्हा आहे आणि तो प्रश्न मला प्रत्येकाला विचारावाच लागतो. तुम्ही डिसेंबरात भारतात असाल तर ही भेट जानेवारीअखेरीला ठेवता येते, शेवटच्या दिवशी सकाळीही होते, पण लग्नाच्या सकाळी नवरीला मेकअपच्या खुर्चीतून उठवायचं पाप मला नको असतं.

मग त्याच सुमारास एक डिक्लरेशन, की कायद्याची अडचण नाही, त्यावर सही, आणि कागदांचं आधीचं काम संपलं.

आता मांडव. कायद्याला लग्नाच्या दिवशी फार थोडं लागतं, खरंतर चार मिनिटांचं काम आहे. सेलिब्रंटने सगळ्यांसमोर एक ठरलेला मजकूर वाचायचा, ज्याचा मतलब असा की मला कायद्याने लग्न लावायचा अधिकार आहे, तुम्ही गंभीर आणि बंधनकारक नात्यात शिरताय याची आठवण करून देते, आणि ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानुसार विवाह म्हणजे दोन व्यक्तींचं, बाकी सगळ्यांना वगळून, स्वेच्छेने आणि आयुष्यभरासाठी जोडलं जाणं. पूर्वी यात एक पुरुष आणि एक स्त्री असं होतं, डिसेंबर २०१७ मध्ये ते दोन व्यक्ती झालं. मी पाहुण्यांना नेहमी सांगते की हे आमच्या सरकारचं सावधान आहे. समर्थ रामदास सावधान ऐकून बोहल्यावरून पळाले म्हणतात, इथे पळायचं असेल तर सरकारने महिनाभर दिलेला असतो, आता उशीर झाला. तेवढ्यात हशा पिकतो आणि ज्यांना मराठी कळत नाही ते बाजूच्याला विचारत बसतात.

मग वचन. प्रत्येकाने म्हणायचं की इथे हजर असलेल्या सगळ्यांना साक्षी ठेवून मी, अमुक, तुला, तमुक, माझी कायदेशीर विवाहित पत्नी, किंवा पती किंवा जोडीदार, म्हणून स्वीकारतो. शब्द थोडे इकडेतिकडे चालतात पण गाभा हलवायचा नाही, कवितेत बसवायचा नाही. तुमची स्वतःची प्रेमाची वचनं, तो भांडी घासणार आणि ती मिसळ खायला शिकणार वगैरे, ती याच्यानंतर हवी तेवढी. हे वाक्य दोघांनी म्हटलं की तुम्ही विवाहित, सही नंतर झाली तरी.

आता हे चार मिनिटं कुठे घालायची? मी आंतरपाट, मंगलाष्टकं, हार, अक्षता, आणि लगेच कायद्याचा भाग, त्यानंतर होम आणि सप्तपदी असं लावते. अनेक गुरुजी सुचवतात की सगळे विधी होऊ दे मग शेवटी तुमचं उरका. ऐकू नका. सप्तपदी झाली की आपली माणसं मनाने पंगतीत असतात, मागच्या रांगा रिकाम्या, साक्षीदार झालेला मित्र गाडी हलवायला गेलेला. माझ्या एका लग्नात तेच झालं, शेवटी फोटोग्राफरलाच साक्षीदार केलं, १८ च्या वरचा कोणीही समजणारा माणूस चालतो. आणि गुरुजींशी आधी एकदा फोनवर बोलून घ्या, मी घेतेच, कोण कधी माइक हातात घेणार एवढं ठरलं तरी पुरे. त्यांना विनंती करा की पाचच मंगलाष्टकं, हौशी काकू आणि आत्यांची स्वरचित धरून पाच. मुलीकडच्यांसाठी अर्थ इंग्रजीत एका कागदावर छापून खुर्चीवर ठेवला तर ते लोक शेवटपर्यंत गुंतून राहतात, नाहीतर दहाव्या मिनिटाला फोन बाहेर. गुरुजी स्वतः अधिकृत सेलिब्रंट असतील तर सगळं त्यांच्याकडेच होतं, काही आहेत तसे, पण वाटतं म्हणून धरून चालू नका, विचारा.

मुहूर्त. पुण्याहून काका मुहूर्त काढून पाठवतात आणि मग कोणीतरी वेळ बदलून देतं. फेब्रुवारीत मेलबर्न भारताच्या साडेपाच तास पुढे असतं, एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदललं की साडेचार. एका लग्नात याच गडबडीत मुहूर्त तासभर चुकला, आणि ते मुलाच्या आईच्या लक्षात आलं कधी, तर हार घातल्यावर. खरं म्हणजे पुण्याची वेळ बदलून घेणंच चुकीचं, सूर्योदय इथला वेगळा, तेव्हा मुहूर्त मेलबर्नचं पंचांग बघणाऱ्याकडूनच घ्या.

होमाचं फेब्रुवारीत जपून. व्हिक्टोरियात तो वणव्यांचा मोसम, आणि ज्या दिवशी टोटल फायर बॅन जाहीर होतो त्या दिवशी उघड्यावर आग लावता येत नाही, डोंगरात तर विचारूच नका, आणि ते कळतं जेमतेम आदल्या दिवशी. त्यामुळे बी प्लॅन हवाच, आतली जागा आणि बंद काचेत समई किंवा निरांजन, गुरुजींना आधी विचारून. आत करायचं तर धुराचा अलार्म बंद करून देतात का ते वेन्यूला लेखी विचारा. तांदळाच्या अक्षतांना बऱ्याच बागा नाही म्हणतात, फुलांच्या पाकळ्या चालतात. बाग काउन्सिलची असेल तर परमिट.

सह्या मांडवातच होतात, तुम्ही दोघं, दोन साक्षीदार, मी. तिथे तुम्हाला एक देखणा दाखला मिळतो, फॉर्म १५, सगळे तो फ्रेम करतात आणि मग पासपोर्ट ऑफिसात घेऊन जातात आणि परत येतात. तो चालत नाही. मी १४ दिवसांत कागद जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयात पाठवते, त्यांच्याकडे नोंद झाली की तुम्ही वेगळा अर्ज आणि फी भरून अधिकृत सर्टिफिकेट मागवायचं. भारतात कुठे दाखवायचं असेल तर त्याच सर्टिफिकेटवर इथल्या परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल शिक्का (कागद खरा आहे हे परदेशात मानलं जावं म्हणून मारतात तो) घ्या, पुढच्या पुणे ट्रिपच्या आधी. दोन प्रती मागवा, एक आई कपाटात ठेवेल ती परत मिळत नाही.